डायलिसिसला पैसा आहे, तपासणीला का नाही?



राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे विमा संरक्षण 2023 च्या शासन निर्णयाने दीड लाखावरून पाच लाखांवर गेले, पांढऱ्या शिधापत्रिकेलाही ते मिळाले आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. हे चांगलेच झाले. पण विमा नुसते बिल भरत नाही, कोणते तंत्रज्ञान वाढेल हेही ठरवतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ बर्टन वाइसब्रॉड यांनी 1991 मध्ये हेच मांडले होते: विमा ज्याचे पैसे देतो तिकडे संशोधन वळते आणि नवे महागडे उपचार आले की विम्याची गरज आणखी वाढते. आपल्या योजनेत शस्त्रक्रिया, भरती, डायलिसिस यांना पॅकेज आहे. साध्या बाह्यरुग्ण तपासणीला आणि रोजच्या गोळ्यांना नाही. मग दवाखाने डायलिसिसचे यंत्र घेतील की गावोगाव रक्त तपासत फिरतील?

आमच्या तेल्हारा-अकोट भागात पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातून, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यातून, किडनीच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. हा आजार बराच काळ दुखत-खुपत नाही. तो वेळीच कळायला रक्तातले क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिने आणि रक्तदाब एवढे तपासले तरी पुरते, आणि तिन्ही तपासण्या स्वस्त आहेत. किडनी निकामी झाली की मात्र आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून राहावे लागते, तेही प्रत्यारोपण झाले नाही तर जन्मभर. अकोल्याचे गाडीभाडे आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी कोणत्याच पॅकेजात बसत नाही.

विमा मोठ्या, अवचित खर्चासाठी असतो, किरकोळ खर्चासाठी नाही, असे कोणी म्हणेल. खासगी पॉलिसीपुरते ते बरोबर आहे. इथे मात्र तपासणी टाळल्याची किंमत पुढे त्याच सरकारी तिजोरीतून जाते. ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, हेही खरे. पण मोफत असणे वेगळे आणि रुग्ण शोधून त्याला वर्षभर गोळ्यांवर टिकवणे वेगळे. त्या कामाला योजनेत दर नाही. तपासण्या वाढल्या की रुग्ण वाढतील, सुरुवातीला खर्चही वाढेल, हा आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच सरसकट तपासणी नको. खारपाणपट्ट्यातली गावे आणि तिथले रक्तदाब व मधुमेहाचे रुग्ण आधी घ्यावेत, प्राथमिक आरोग्य केंद्राला नियंत्रणात राहिलेल्या प्रत्येक रुग्णामागे निधी द्यावा आणि तीन वर्षांनी नव्या डायलिसिस रुग्णांचा आकडा जाहीर करावा. तो घटला नाही तर हा निधी बंद करा. पण आधी हिशेब मांडून तर पाहा.

— एक वाचक, हिवरखेड (ता. तेल्हारा, जि. अकोला)