टेम्पोच्या रेडिओवर मोबाइलची भजने

भाजी घेऊन मुलुंड-घाटकोपरला जाताना मोबाइलमधली भजने गाडीच्या रेडिओवर ऐकता येतात. लायटरच्या जागी एफएम ट्रान्समीटर बसवा, तो ब्लूटूथने मोबाइलला जोडा. मग ट्रान्समीटर आणि रेडिओ एकाच आकड्यावर लावा.

गावाकडे ८८ ते १०८ मधले बरेच आकडे मोकळे असतात. मुंबईत ९१.१ वर रेडिओ सिटी, ९८.३ वर रेडिओ मिरची, अशी दाटी आहे. या यंत्राचा जोर जेमतेम गाडीपुरता. मोठ्या केंद्रापुढे तो टिकत नाही. म्हणून शहरात शिरताच गाडी कडेला थांबवून, जिथे नुसती खरखर ऐकू येते असा आकडा निवडा. चालत्या गाडीत बटणे फिरवू नका. भजनापायी जीव धोक्यात घालू नये.