जोडीदाराला कधी उठवायचे?

'आयएनएसव्ही तारिणी' २९ मे २०२५ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परतली आणि नंतर शाळाशाळांतून तिच्यावर भाषणे झाली. रायपुरात मी अशी तीन भाषणे ऐकली. मुलांचे निबंध तर मीच तपासले, कारण मी भूगोल शिकवते. सगळीकडे शब्द एकच : झुंज. वादळाशी झुंज, लाटांशी झुंज, निसर्गाशी झुंज. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनी जे केले त्याला झुंज म्हणणे मला पटत नाही. लष्करी शाळेच्या अंकात तर हा शब्द अधिकच जपून वापरावा असे मला वाटते, कारण तो वाचणाऱ्यांपैकी काहींच्या हाती पुढे माणसे सोपवली जाणार आहेत.

आधी प्रवासाचा हिशेब. तारिणी ही जेमतेम सतरा मीटर लांबीची शिडाची नौका, गोव्यातच दिवाडी बेटावर बांधलेली. २ ऑक्टोबर २०२४ ला ती निघाली तेव्हा तिच्यावर या दोघीच होत्या. ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, न्यूझीलंडमधले लिटलटन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेतले केप टाऊन ही चार बंदरे सोडली तर बाकी सगळे पाणी. सुमारे २५,४०० सागरी मैल, म्हणजे ४७ हजार किलोमीटर, आठ महिन्यांत. लिटलटन ते पोर्ट स्टॅनली या टप्प्यात त्यांना एकामागून एक तीन वादळे भेटली. वारा ५० नॉटपर्यंत, लाटा सात मीटरपर्यंत, म्हणजे दुमजली घराएवढ्या. याच टप्प्यात त्या 'पॉइंट निमो'जवळून गेल्या. तिथून कुठल्याही दिशेला पहिली जमीन सुमारे २,७०० किलोमीटरवर आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांनी केप हॉर्नचे टोक ओलांडले.

हे आकडे सगळ्या निबंधांत होते. एक आकडा मात्र कुणीच लिहिला नव्हता, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा : ३८,००० सागरी मैल. प्रदक्षिणेला निघण्यापूर्वी तीन वर्षांत या दोघींनी एवढा सराव केला होता. आधी सहा जणांच्या चमूत गोव्याहून केप टाऊन, रिओ आणि परत. मग दोघींनीच पोर्ट ब्लेअर. २०२४ च्या उन्हाळ्यात दोघींनीच मॉरिशस. प्रवासाच्या दीडपट तालीम झाली होती. त्या तीन वर्षांत त्या काय शिकल्या असतील, याचा विचार केला की 'झुंज' हा शब्द मागे पडतो.

दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जवळजवळ जमीनच नाही. तिथे कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडून पूर्वेकडे आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागून एक येत राहतात. (बातम्यांत यांनाही चक्रीवादळे म्हणतात, पण आपल्या बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळ उबदार पाण्यावर पोसलेले असते आणि हे थंड व उबदार हवेच्या भांडणातून जन्मते. परीक्षेत दोन्ही एक लिहू नका.) असे क्षेत्र जवळ येऊ लागले की वारा वायव्येकडून वाढत जातो, वायुभारमापकातला आकडा तासातासाने उतरतो, पाऊस लागतो. मग आघाडी डोक्यावरून सरकते आणि वारा पाहता पाहता नैर्ऋत्येकडून सुटतो. आता समुद्रात दोन दिशांच्या लाटा असतात, वायव्येच्या जुन्या आणि नैर्ऋत्येच्या नव्या. त्या एकमेकींवर चढतात, आणि शिडाच्या नौकेला सर्वांत मोठा धोका तिथे असतो.

नौकेचा वेग ताशी सात-आठ नॉट. वादळ तिच्या तिप्पट-चौपट वेगाने येणार. पळून सुटका नाही आणि लढून तर नाहीच नाही. दोन-तीन दिवस आधी अंदाज हाती आला की वाट थोडी उत्तरेला किंवा दक्षिणेला वळवायची, किंवा वेग मुद्दाम कमी करून वादळाला पुढे जाऊ द्यायचे. आणि वारा यायच्या आधी शीड लहान करायचे. नाविक त्याला रीफ घेणे म्हणतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. २५ नॉटला जे शीड दोन हातांनी आवरते ते ५० नॉटला चार हातांनीही आवरत नाही. म्हणून दर्यावर्दींत एक जुना नियम आहे : शीड कमी करावे का, असा प्रश्न मनात आला की ती वेळ आलेलीच असते. आपल्या कोकणातल्या कोळ्यांनी तर याच्याही पुढचा नियम पाळला. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या. त्यांना कुणी भित्रे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

इथवरचे भूगोलाच्या तासाला सांगता येते. पण मला बोलायचे आहे ते यापुढचे.

दोघांच्या नौकेवर एक जण पहाऱ्यावर असतो तेव्हा दुसरा झोपतो. ही झोप चैनीची नसते. सुकाणू, शिडे, दुरुस्ती, स्वयंपाक, हवामानाचे संदेश हे सगळे दोघांतच. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी निर्णय चुकतात. म्हणून पहाऱ्यावरच्या माणसाला रात्री दोन वाजता एक फार अवघड प्रश्न पडतो. वारा वाढल्यासारखा वाटतोय. शीड कमी करायचे तर दोघे हवेत. जोडीदाराला झोपून तासच झालाय. उठवू की थांबू? उठवले आणि वारा पडला तर? 'एवढ्याशासाठी उठवलेस?' असे तो म्हणाला तर? आणि न उठवता एकट्याने डेकवर गेले आणि पाय घसरला तर?

मोठ्या जहाजांवर हा प्रश्न कॅप्टन लेखी सोडवून ठेवतो. रात्रीच्या आदेशवहीत 'शंका वाटल्यास मला बोलवा' असे लिहिलेले असते आणि पहाऱ्यावरचा अधिकारी त्याखाली सही करतो. शब्द पाहा : 'संकट आल्यास' नाही, 'शंका वाटल्यास'. त्यामुळे बोलावणाऱ्याला लाज वाटण्याचे कारण उरत नाही. न बोलावणे हीच कसूर ठरते. तारिणीवर दोघींचा हुद्दा एकच. तिथे हा नियम दोघींच्या एकमेकींवरच्या विश्वासात असावा लागतो, आणि असा विश्वास ३८,००० मैलांच्या सरावाशिवाय येत नाही. जिला निःशंकपणे उठवता येते, तिच्याच भरवशावर आपल्यालाही निःशंक झोपता येते.

आता वसतिगृहाकडे या. माझा एक माजी विद्यार्थी निवासी शाळेत गेला. क्रॉसकंट्रीच्या आदल्या रात्री त्याला ताप होता. शेजारच्या पलंगावरच्या मित्राला ते ठाऊक होते. दोघेही गप्प बसले, कारण सकाळी नाव काढून घेणाऱ्याला तिथे रडका म्हणत. मुलगा धावला, अर्ध्यात कोसळला आणि चार दिवस दवाखान्यात राहिला. वार्षिक समारंभात त्याच्या जिद्दीचे कौतुक झाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याचे आईवडीलही होते. मला त्या टाळ्यांचा राग आला आणि अजून तो गेलेला नाही. आपण त्या मुलाला नेमके काय शिकवले? बॅरोमीटर उतरताना दिसला तरी सांगू नकोस, एवढेच.

कुणी म्हणेल, लष्करी शिक्षण कणखर असायलाच हवे. प्रत्येक कुरकुर ऐकत बसलो तर सैनिक घडणार नाहीत. कणखरपणा हवाच. केप हॉर्नला थंडीत, ओल्या कपड्यांत, अर्ध्या झोपेत काम करणे कुरकुरणाऱ्याला जमणार नाही. पण कुरकुर आणि खबर यांत फरक आहे, आणि तो ओळखायला शिकवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे. 'मला कंटाळा आला' ही कुरकुर. 'माझ्या जोडीदाराला ताप आहे' ही खबर. सैन्यात 'बडी' म्हणजे जोडीदाराची पद्धत आहे ती याचसाठी. एकाने दुसऱ्याचे पाय, पाणी, हत्यार आणि डोळे पाहायचे. शाळांतूनही बडी नेमले जातात. मात्र बहुतेक ठिकाणी ते बूट पॉलिश आणि पलंगाच्या चादरीपुरते उरतात.

या दोघींना तयार केले ते कमांडर अभिलाष टॉमी यांनी. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणेच्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत असताना दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. त्यांनी संदेश पाठवला, मदत मागितली, आणि फ्रान्सच्या 'ओसिरिस' या जहाजाने त्यांना उचलले. कण्यात धातूच्या पट्ट्या बसवून हा माणूस २०२२ मध्ये पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि २०२३ मध्ये दुसरा आला. मदत मागितल्याने त्यांचे काय कमी झाले, हे कुणी मला दाखवावे.

पालकांसाठी एक शब्द. फोनवर 'सगळं ठीक ना?' असे विचारले की मुलगा 'हो' म्हणतो. त्या प्रश्नाला दुसरे उत्तरच नाही. 'तुझ्या शेजारच्याचं कसं चाललंय?' असे विचारून पाहा. माझा अनुभव असा, की स्वतःबद्दल न बोलणारी मुले जोडीदाराबद्दल भरभरून बोलतात.

रायपूरला समुद्राचे काय, असे मुले विचारतात. विशाखापट्टण इथून पाचशे किलोमीटरवर. पण आपल्या खारून नदीचे पाणी शिवनाथ आणि महानदीतून बंगालच्या उपसागरालाच मिळते, आणि पावसाळ्यात त्याच उपसागरातले कमी दाबाचे पट्टे ओडिशामार्गे आपल्या डोक्यावर येतात. १२ ऑक्टोबर २०१४ ला विशाखापट्टणवर आदळलेले 'हुदहुद' छत्तीसगडवर येऊनच विरत गेले. सागर परिक्रमेची कल्पना ज्यांची, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहिले ते सातारा जिल्ह्यातल्या विंचुर्णीत, समुद्रापासून दूर. आणि २००९-१० मध्ये ती कल्पना एकट्याने पहिल्यांदा खरी करून दाखवली ती आपल्या कमांडर दिलीप दोंदे यांनी.

तेव्हा एक सूचना. येत्या पावसाळ्यात कॅडेटांच्या जोड्या लावून हवामानाची वही ठेवा. दर तीन तासांनी वाऱ्याची दिशा, ढग आणि हवेचा दाब. (रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच, इथला आकडा समुद्रावरच्यापेक्षा ३०-३५ हेक्टापास्कलनी कमीच दिसेल, घाबरू नका. रोज सकाळी दहाच्या सुमारास तो चढतो आणि दुपारी उतरतो, तेही नेहमीचेच.) वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा : उत्तर गोलार्धात कमी दाब ढोबळमानाने तुमच्या डाव्या हाताला असतो. उपसागरातला पट्टा ओडिशाच्या किनाऱ्यावर असेल तर इथे वारा उत्तरेकडून येईल, आणि तो पट्टा आपल्या उत्तरेने पुढे सरकला की पश्चिमेकडून. रात्रीची नोंद एकाने घ्यायची, दुसऱ्याने झोपायचे. वहीच्या पहिल्या पानावर प्रशिक्षकांनी एक ओळ लिहावी, 'शंका वाटल्यास जोडीदाराला उठवा', आणि तिच्याखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात.