बंपर तुमचा, कोपर त्याचं

शनिवारची संध्याकाळ. रांजणगाव एमआयडीसीतली शिफ्ट संपवून तुम्ही न्हावरे-चौफुला मार्गे दौंडला, घरी निघालाय. ऊसतोडीचा सीझन. पुढे डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागतो आणि... खट्ट! ट्रॉलीला ओरखडासुद्धा नाही. ट्रॅक्टरवाला मागे वळून बघतो, तंबाखूचा बार भरतो आणि चालू पडतो. तुमचा बंपर मात्र गेला कामातून.

पहिला विचार काय येतो? ‘इन्शुरन्स आहे ना, मग कशाला टेन्शन!’ थांबा बॉस. आधी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा.

समजा, नवीन बंपर सहा हजारांचा. प्लास्टिकच्या पार्टवर घसारा 50 टक्के, म्हणजे उरले तीन हजार. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट हजार रुपये. हातात आले दोन हजार. (रंगकाम आणि मजुरी सध्या बाजूला ठेवू. ‘झीरो डेप’ घेतलं असेल तर घसारा वाचतो, वजावट नाही.)

आता दुसरी बाजू. क्लेम न करता गेलेल्या वर्षांचं बक्षीस म्हणजे नो क्लेम बोनस. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50. ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ‘ओन डॅमेज’च्या प्रीमियमवर मिळते, थर्ड पार्टीच्या नाही. हा प्रीमियम सुटीआधी आठ हजार धरा आणि तुमचं पाचवं वर्ष क्लेमविना संपत आलंय असं समजा. आज क्लेम केलात, तर पुढच्या रिन्यूअलला 50 टक्क्यांऐवजी शून्य. गेले चार हजार. पुढच्या वर्षी 50 ऐवजी 20, त्यानंतर 25... पुन्हा 50 वर चढेपर्यंत एकूण दहा हजार गेलेले असतात! गाडी जुनी होईल तसा प्रीमियम उतरतो, म्हणून आकडा थोडा कमी धरा. तरी दोन हजारांसाठी एवढं? बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं नसेल तर हा क्लेम घाट्याचाच. एस्टिमेट पन्नास हजारांचं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा लगेच कळवा आणि सर्व्हे होईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका.

इथवर सगळा हिशेब तुमचा. बंपर केबल टायने बांधून फिरलात तरी कोण विचारतंय?

पण तीच संध्याकाळ अजून संपलेली नाही. चौफुल्याला चहा घेऊन तुम्ही गाडी रिव्हर्स घेता आणि मागचा बाइकवाला आडवा होतो. उठतो, कपडे झटकतो. कोपर खरचटलंय. चार लोक जमतात. कुणीतरी म्हणतं, ‘‘साहेब, पाचशे रुपये देऊन मिटवून टाका.’’ तुम्हालाही हायसं वाटतं, कारण डोक्यात अजून तो बोनस फिरत असतो.

इथे कॅल्क्युलेटर खिशात ठेवायचा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 134. माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, जागेवर पोलीस नसतील तर 24 तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं आणि विमा कंपनीला लेखी माहिती द्यायची. ‘जमलं तर’ असं कायदा म्हणत नाही. शिवाय पॉलिसीच्या बारीक अक्षरांत आणखी एक अट आहे: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही, पैसेही द्यायचे नाहीत. म्हणजे ज्या पाचशेच्या नोटेला आपण सेटलमेंट समजतो, तीच उद्या आपल्या अंगाशी येऊ शकते. दवाखान्यात न्यायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

आणि मुख्य मुद्दा वेगळाच आहे. रात्री ते कोपर सुजलं, सोमवारी एक्स-रेत फ्रॅक्चर निघालं आणि त्याची महिनाभराची हजेरी बुडाली तर? थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलाय तो अशाच माणसासाठी. तुम्ही कळवलं नाहीत, तर आपल्या बोनससाठी त्याच्या भरपाईची वाट अवघड करून ठेवता. कळवणं आणि स्वतःच्या गाडीचा क्लेम मागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करा, दुसरीचं गणित नंतर मांडा.

म्हणून फोटो काढा, वेळ, ठिकाण आणि बाइकचा नंबर लिहून घ्या, त्याला दौंडला डॉक्टरकडे न्या, पोलिसांना सांगा आणि कंपनीला ई-मेल टाका. घरी पोचायला उशीर होईल. आई विचारेल, ‘‘गाडीला काय झालं रे?’’

सांगा तिला, ‘‘गाडीचं सोड गं, त्याचं कोपर ठीक आहे.’’