विल्सन जोन्स कोण? बिलियर्ड्सच्या जगज्जेतेपदाची गोष्ट

आमच्या शाळेत दर शनिवारी परिपाठानंतर सामान्यज्ञानाचे पाच प्रश्न विचारले जातात. गेल्या महिन्यात आम्ही विचारले, "वैयक्तिक खेळात भारताला पहिले जगज्जेतेपद कोणी मिळवून दिले?" कोणी विश्वनाथन आनंदचे नाव घेतले, कोणी प्रकाश पदुकोणचे, कोणी खाशाबा जाधवांचे. उत्तर होते, विल्सन जोन्स. पुण्यात जन्मलेला माणूस, साल १९५८, खेळ बिलियर्ड्स. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "तो काठीने बॉल मारायचा खेळ? अब्बा म्हणतात, तिथे रिकामटेकडी पोरे जातात." वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण हेच वाक्य आम्हीही आमच्या घरी बोललो आहोत.

म्हणून या वेळी हा विषय. आधी एक घोळ दूर करू. मॉलमध्ये आकडे लिहिलेले रंगीत चेंडू दिसतात तो पूल. जगज्जेतेपदाचे बिलियर्ड्स वेगळे. त्यात चेंडू फक्त तीन असतात: एक पांढरा, एक पिवळा, एक लाल. टेबल सुमारे बारा फूट लांब, सहा फूट रुंद, कडेला सहा पॉकेट. पांढरा एका खेळाडूचा, पिवळा दुसऱ्याचा, लाल दोघांचा. आपल्या चेंडूने एकाच फटक्यात बाकीच्या दोन्ही चेंडूंना स्पर्श केला की तो कॅनन, त्याचे २ गुण. लाल चेंडू पॉकेटमध्ये घातला तर ३, प्रतिस्पर्ध्याचा घातला तर २. आपला चेंडू लालला लागून पॉकेटमध्ये गेला तर ३, प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूला लागून गेला तर २. गुण मिळत राहतात तोवर पाळी आपलीच. एका पाळीत सलग जमवलेल्या गुणांना ब्रेक म्हणतात. एवढेच नियम. पण फटका मारतानाच पुढच्या फटक्यासाठी तिन्ही चेंडू कुठे थांबतील, याचा हिशेब मनात करावा लागतो. भूमितीचा कोन ज्यांना वहीत नकोसा वाटतो, त्यांना तो इथे टेबलावर भेटतो.

जगज्जेतेपदाची सुरुवात लंडनची. १८४९ पासून जॉन रॉबर्ट्स स्वतःला विजेता म्हणवत होता आणि त्याला कोणी हरवत नव्हते. फेब्रुवारी १८७० मध्ये त्याचाच शागीर्द मानला जाणारा तरुण विल्यम कुक त्याच्यासमोर उभा राहिला. सामना १२०० गुणांचा. ठरावीक जागेवरून लाल चेंडू पुन्हा पुन्हा पॉकेटमध्ये घालण्यात कोणाचा हात फारच बसला, तर सामन्यात मजा राहत नाही. म्हणून पॉकेटची तोंडे मुद्दाम ३ इंचांपर्यंत अरुंद केली होती. कुक १२००–१०८३ असा जिंकला. दोनच महिन्यांत रॉबर्ट्सच्या मुलाने कुकला हरवून घराण्याची बाकी वसूल केली. या मुलाचे, धाकट्या जॉन रॉबर्ट्सचे, हिंदुस्थानात येणे-जाणे होते आणि जयपूरच्या महाराजांनी त्याला दरबारी बिलियर्ड्सपटू नेमले होते. तेव्हा ही स्पर्धा आजच्यासारखी नव्हती. विजेत्याला कोणी आव्हान द्यायचे, दोन्ही बाजूंनी रक्कम लागायची आणि दोघांतच निकाल व्हायचा.

या खेळाचे दुखणे असे की उस्ताद फार मोठा झाला की खेळच थांबतो. १९०७ मध्ये टॉम रीस याने दोन चेंडू पॉकेटच्या तोंडाशी अडकवून ठेवले आणि हलक्या हाताने कॅननवर कॅनन मारत सुमारे पाच आठवड्यांत ४,९९,१३५ गुण जमवले. प्रतिस्पर्धी एवढे दिवस बसून! तो फटका बंद करण्यात आला आणि त्या आकड्याला अधिकृत विक्रमाचा दर्जा मिळाला नाही. पुढे १९३२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने ४,१३७ गुणांचा ब्रेक केला. त्याला आवर घालण्यासाठी ठरावीक गुणांनंतर आपला चेंडू टेबलावरच्या एका रेषेपलीकडे नेलाच पाहिजे, असा नियम आला. लिंड्रमने १९३३ आणि १९३४ मध्ये जगज्जेतेपद जिंकले, पण पाहणारे कंटाळून स्नूकरकडे वळले. १९५१ नंतर व्यावसायिकांचे जगज्जेतेपद थेट १९६८ मध्येच पुन्हा खेळले गेले.

खेळाला या काळात जिवंत ठेवले ते हौशी खेळाडूंनी. त्यांची स्पर्धा १९२६ मध्ये लंडनला ब्रिटिश साम्राज्यातील देशांसाठी सुरू झाली आणि पुढे तिलाच जागतिक स्पर्धेचे रूप आले. तिथे आव्हानाची पद्धत नव्हती. प्रत्येकाने प्रत्येकाशी ठरावीक वेळ खेळायचे. १९५८ मध्ये ही स्पर्धा कलकत्त्यात झाली आणि विल्सन जोन्स जिंकले. १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी ती पुन्हा जिंकली. पुढच्या वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९६ मध्ये, शागीर्द घडवल्याबद्दल, द्रोणाचार्य पुरस्कार. त्यांच्यानंतर मुंबईचे मायकल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा हौशी जगज्जेते झाले. मग अहमदाबादचे गीत सेठी आले. त्यांनी १९९२ च्या व्यावसायिक जगज्जेतेपदात १,२७६ गुणांचा ब्रेक केला.

आणखी एक नाव आपल्या घरांतून कधी ऐकू येत नाही. १९७३ मध्ये ही स्पर्धा मुंबईत भरली. ती जिंकली श्रीलंकेच्या मोहम्मद लफीर यांनी. कोणत्याही खेळात त्यांच्या देशाचे ते पहिले जगज्जेतेपद. लहान देशाचा माणूस आपल्या मुंबईत येतो, यजमानांना मागे टाकून जिंकतो, आणि आपल्याला त्याचे नावही ठाऊक नसते!

आता आजची पद्धत. तिचे दोन प्रकार आहेत. पहिला गुणांचा: जो आधी १५० गुण करील त्याचा तो डाव. असे ठरावीक डाव खेळायचे आणि ज्याचे डाव जास्त तो सामना जिंकतो. दुसरा वेळेचा: ठरलेले तास खेळायचे आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजयी. दोन्हींत आधी गटवार साखळी सामने, मग हरला तो बाहेर. फरक शाळेच्या भाषेत सांगायचा तर पहिला प्रकार घटक चाचण्यांसारखा आहे, एक बिघडली तरी पुढचीत कोऱ्या पाटीने बसता येते. दुसरा वार्षिक परीक्षेसारखा आहे, सुरुवातीला गमावलेले शेवटपर्यंत मानेवर राहते. एकात तडफ लागते, दुसऱ्यात सबर. म्हणूनच एकाच वर्षी दोन्ही किताब जिंकणे फार अवघड मानतात. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणींनी ते २००५ मध्ये माल्टात केले आणि २००८ मध्ये बंगळुरूत पुन्हा केले. त्यांचे बालपणीचे काही दिवस कुवेतमध्ये गेले, हे आखातात माणसे असलेल्या आपल्या कुटुंबांना वाचून बरे वाटेल. बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून त्यांचे जागतिक किताब पंचवीसच्या वर गेले आहेत.

आता त्या मुलाच्या अब्बांच्या म्हणण्याकडे. ते पूर्ण चुकीचे नाही. गल्लीतल्या काही क्लबांत पैशाची शर्त लागते, आणि शर्त लागली की तो जुगार. त्याबद्दल आपल्या घरांत दोन मते नाहीत. पण तो दोष टेबलाचा नाही. शर्त तर क्रिकेटवरही लागते, म्हणून आपण मुलाच्या हातातली बॅट काढून घेत नाही. पालकांनी एकदा स्वतः जाऊन पाहावे: तिथे कोण येते, शिकवणारा कोणी आहे का, पैशाचा व्यवहार चालतो का, मुलगा किती वाजता घरी येतो. जागा नापसंत ठरली तर नाही म्हणावे, पण न पाहता नाही म्हणू नये. दुसरी अडचण खरी आहे. चांगली टेबले बहुतेक जिमखान्यांत असतात आणि तिथले सभासदत्व आपल्यासारख्यांच्या खिशाबाहेरचे. आपल्या मोहल्ल्यांतून मुले या खेळात का दिसत नाहीत, याचे अर्धे उत्तर त्यातच आहे. उरलेले अर्धे उत्तर मात्र आपल्या घरातल्या त्या एका वाक्यात आहे.

पुढच्या शनिवारी आम्ही वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारला. सगळ्यांत आधी हात वर गेला तो मागच्या बाकावरून. उत्तर बरोबर होते, आणि पाठोपाठ त्याने सांगितले, "अब्बांनाही विचारले. त्यांनाही माहीत नव्हते. आता आहे."

पुढील अंकी स्नूकरविषयी. त्याचा जन्म विलायतेत नव्हे, आपल्या जबलपूरच्या छावणीत झाला.