घराच्या कपाळावरचे नाव

१८८५ साली पोर्तुगीज सरकारने सिल्व्हासा या गावाला नगर हवेलीच्या कारभाराचे मुख्य ठाणे केले आणि त्याचे नाव 'व्हिला दे पासो द आर्कोस' असे ठेवले. नाव मोठे भारदस्त, पण ते सरकारी कागदाबाहेर फारसे पडले नाही. लोक सिल्व्हासा म्हणत होते, ते सिल्व्हासाच म्हणत राहिले. वरून डकवलेले नाव जागेला लागू पडत नाही, याचे इतके चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. आज त्याच गावाचे शहर झाले आहे, आणि नावे डकवण्याचा उद्योग आता सरकारऐवजी दुकाने, हॉटेले, बँका आणि कारखाने करीत आहेत.

सिल्व्हासा आपल्या वाचकांना परके नाही. १७७९ च्या तहानंतर, मराठ्यांच्या आरमाराने घेतलेल्या 'सांताना' जहाजाच्या भरपाईदाखल हा मुलूख १७८३ साली पोर्तुगीजांकडे गेला. २ ऑगस्ट १९५४ रोजी तो मुक्त झाला, त्या लढ्यात सुधीर फडके, राजाभाऊ वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही आपल्या घराघरांतली नावे होती. १९६१ मध्ये हा प्रदेश रीतसर भारतात विलीन झाला आणि २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश आहे. मध्यंतरी करसवलतींमुळे कारखाने आले, कारखान्यांमागून वस्ती आली, आणि वस्तीमागून खाली दुकाने व वर बिऱ्हाडे अशा सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या. आमची तक्रार या इमारतींविषयी नाही. त्यांच्या तोंडावर जे बांधले जाते त्याविषयी आहे.

नकाशा काढणारा वास्तुकार खिडकी दाखवतो, सज्जा दाखवतो, जिना दाखवतो. पाटी कुठे लागणार हे तो दाखवीत नाही. इमारत पुरी होते, भाडेकरू येतो, दर्शनी भागाची लांबी मोजतो आणि तेवढ्याच लांबीची लोखंडी चौकट ठोकून तिच्यावर फ्लेक्स ताणतो. चौकटीमागे पहिल्या मजल्याची खिडकी गेली तरी त्याला त्याचे काही नाही. शेजारी मग दीड हात पुढे येतो. मोठ्या बँकांची व दुकानमालिकांची तऱ्हा याहून निराळी: मुख्य कचेरीत एकदा ठरलेला रंग आणि एकदा ठरलेले माप काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक भिंतीवर जशाच्या तसे चढते, मग ती भिंत दगडी असो, चुन्याची असो की काचेची. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. धंदा करणाऱ्याला आपले नाव दिसले पाहिजे, आणि इमारतीने त्याच्या नावाला जागाच ठेवली नसेल तर तो ती बळकावणारच.

आपल्या जुन्या वाड्यांनी ही जागा ठेवली होती. दाराच्या चौकटीवरच्या आडव्या लाकडात गणपती कोरलेला असे, त्या पट्टीला गणेशपट्टी असेच नाव आहे. सुतार चौकट घडवतानाच ती घडवी. मागाहून खिळे मारून गणपती बसवण्याची वेळ येत नसे. घराचे चिन्ह कुठे असावे, किती मोठे असावे, उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या नजरेला ते कसे पडावे, हे सारे बांधणीतच ठरलेले असे.

आधुनिक बांधकामात हे जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला एक फेरफटका मारावा. १९३०-४० च्या सुमारास तेथे उभ्या राहिलेल्या इमारतींची नावे प्रवेशद्वारावर गिलाव्यातच उठवलेली आहेत, आणि अक्षरांचे वळण सज्जाच्या वळणाशी जुळते. ती काढायची म्हटली तर भिंतच फोडावी लागेल. २०१८ साली युनेस्कोने या इमारतींना शेजारच्या गॉथिक इमारतींसह जागतिक वारशाचा मान दिला.

जेथे हा विचार आधी झाला नव्हता, तेथे तो मागाहूनही करता येतो. मुंबईतला दादाभाई नौरोजी रस्ता, म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड, घ्या. १८९६ च्या नियमाने तेथे पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी सक्तीची केली होती. शंभर वर्षांनी त्या कमानी पाट्यांखाली दिसेनाशा झाल्या. मग वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या अभ्यासातून पाट्यांसाठी नियम तयार झाले. कमान, खांब, कठडा झाकायचा नाही आणि पाटीने इमारतीच्या ठेवणीत बसायचे, हे त्यांचे सार. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. दुकानदार आणि रहिवासी यांनी आपली संघटना बांधली व पाट्या बदलण्यात स्वतः भाग घेतला. पाटी लहान झाली तरी, मागची कमान मोकळी झाल्यामुळे ती लांबूनही वाचता येते, हे त्यांना डोळ्यांनी दिसले असावे. व्यापाऱ्याला सौंदर्यावरचे व्याख्यान पटत नाही, असे दिसणे पटते.

भाषेच्या पाट्यांविषयी आपण मराठी माणसे जागरूक असतो, आणि असावेही. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत आणि अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नको, असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. कायदा योग्यच होता. पण तो अक्षर मोजतो, भिंत मोजत नाही. त्यामुळे इंग्रजी पाटी तशीच ठेवून तिच्यावर वा खाली फ्लेक्सची आणखी एक पट्टी लावली की त्याचे पालन झाले. मराठीला पाटीवर जागा मिळाली, घरावर नाही.

देवनागरीची गरजही वेगळी आहे. रोमन मोठ्या अक्षरांना वर-खाली काही लोंबत नसते, एक फुटाची पट्टी ती पूर्ण भरतात. देवनागरीला शिरोरेषेवर मात्रा आणि वेलांटी हवी, खाली उकार हवा, त्यामुळे त्याच फुटात मूळ अक्षराला जेमतेम अर्धी-पाऊण उंची उरते. रोमनसाठी आखलेल्या पट्टीत मराठी नाव म्हणूनच आखडून बसल्यासारखे दिसते. उलट एक सोय अशी आहे की शिरोरेषेमुळे आख्खा शब्द धातूच्या एकाच पत्र्यातून कापता येतो. रोमन वा गुजराती शब्दात प्रत्येक अक्षराला भिंतीत स्वतंत्र छिद्रे लागतात. मराठी शब्द शिरोरेषेच्या आधाराने मोजक्या खिळ्यांवर राहतो, अनुस्वाराचे टिंब तेवढे सुटे. सिल्व्हासात गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा पाटीवर जागा मागतात, तेथे हा हिशेब नकाशाच्या कागदावरच व्हायला हवा.

साहित्याचेही तसेच. दमणगंगेच्या खोऱ्यातला पाऊस फ्लेक्सला फार काळ टिकू देत नाही. लोखंडी खिळा गंजला की फुगतो आणि आजूबाजूचा दगड वा गिलावा फोडतो. पितळ किंवा न गंजणारे पोलाद वापरावे, जुन्या दगडी भिंतीत छिद्र पाडायचेच तर ते दगडात न पाडता सांध्यातल्या चुन्यात पाडावे, म्हणजे पाटी उतरली तरी सांधा पुन्हा भरता येतो. दिवा पाटीच्या पोटात नको, वरून अक्षरांवर पडावा.

याच मुलखातल्या वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. तो त्या भिंतीसाठी आणि त्या दिवसासाठी असतो. आता त्याच आकृत्या फ्लेक्सवर छापून हॉटेलांच्या दारावर लटकतात आणि त्याला स्थानिक कला म्हणतात. गेरू नाही, भिंत नाही, काढणारीचा हात नाही! आकृती तेवढी आहे.

आमचे सिल्व्हासाच्या नगरपालिकेला एवढेच म्हणणे आहे की बांधकामाची परवानगी देताना दर्शनी भागाच्या नकाशावर पाटीची जागा, उंची आणि लिप्या दाखवण्यास सांगावे, आणि ती जागा नसेल तर नकाशा परत करावा. जुन्या बाजारासाठी एकाच रस्त्यापासून सुरुवात करावी, दुकानदारांना विश्वासात घेऊन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे तेथले चर्च अजून उभे आहे. त्याच्या आसपासचा रस्ता या कामाला बरा.