शाळेचं छप्पर मार्चअखेरची वाट बघत नाही

दोस्तांनो, 25 जुलै 2025 ची बातमी आठवतेय? राजस्थानात, झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचं छत कोसळलं आणि 7 मुलं गेली. ‘ते तिकडचं’ म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. ऑगस्ट 2017 मध्ये आपल्याच नगर जिल्ह्यात, निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचा वर्ग कोसळून 3 विद्यार्थ्यांचा जीव गेला होता.

आपल्यातले कितीतरी जण झेडपीच्या शाळेतूनच कॉलेजात आलेत. त्या शाळेला पैसे कुठून मिळतात, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

‘समग्र शिक्षा’ योजनेतून शाळेला पटानुसार वर्षाचं अनुदान मिळतं. पट 30 पर्यंत असेल तर 10 हजार रुपये, 31 ते 100 असेल तर 25 हजार. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच भागवायचं. वर किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. सांगा, यात गळकं छप्पर कसं बदलणार?

मोठ्या कामाचा पैसा समग्र शिक्षा, जिल्हा परिषद किंवा जिल्हा नियोजन समितीकडून यावा लागतो. त्यासाठी प्रस्ताव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग निविदा. वर्ग धोकादायक ठरला तर पाडण्याआधी निर्लेखनाची मंजुरी वेगळी. तोवर मुलं व्हरांड्यात नाहीतर समाजमंदिरात बसतात. निधी मार्चच्या तोंडावर आला की तो संपवायची घाई, आणि घाईतल्या कामाचा दर्जा पहिल्याच पावसात कळतो.

यावर एक युक्तिवाद हमखास होतो: पट घसरलाय, मग इमारतीवर खर्च कशाला? पण भिंतीला तडे गेलेल्या शाळेत पोरं घालायला पालक धजावतील का? पट घसरण्याची कारणं अनेक आहेत, पण पडकी इमारत त्यात भरच घालते. शिवाय पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असा आपल्या राज्याचा नियमच आहे. शाळा चालवायचीच आहे, तर ती धड चालवा.

म्हणून मागण्या सरळ आहेत. प्रत्येक शाळेच्या इमारतीची तपासणी दरवर्षी व्हावी आणि अहवाल गावात लावावा. दुरुस्तीचा पैसा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी हातात पडावा. आणि निर्लेखनाच्या आदेशातच नव्या वर्गाची तारीख लिहावी.

यात आपण काय करायचं? शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते आणि तोच अनुदानाचा आधार धरावा, असं कायद्याचं कलम 22 सांगतं. आपण अठरा पूर्ण केलीत, गावच्या मतदारयादीत नाव असेल तर ग्रामसभेचे सदस्य आहोत. सुट्टीला गावी गेलात की शाळेत एक चक्कर मारा. आराखडा मागा, त्यात छपराचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर ग्रामसभेत उभं राहून विचारा आणि तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

सभेत पोरासोरांचं कोण ऐकतं, असं वाटेल. पण इतिवृत्तात नोंदलेल्या प्रश्नाला ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे उत्तर देता येत नाही.