गाल सुजला, पण पोट का दुखते?

लहान मुलाला गालगुंड झाले की घरातली मोठी माणसे म्हणतात, ‘आठवड्यात उतरेल’. गालाला लेप लागतो, शाळेला सुट्टी मिळते. बहुतेक मुले बरीही होतात. पण सूज असताना किंवा ओसरू लागल्यावर मूल पोट धरून रडू लागले, तर ते ‘अपचन’ समजून अंगावर काढू नये. हा विषाणू रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंतही पोहोचू शकतो.

जठराच्या मागे असलेले स्वादुपिंड दोन कामे करते. अन्न पचवणारी विकरे आतड्यात सोडते आणि साखरेवर ताबा ठेवणारे इन्सुलिन रक्तात सोडते. एरवी ही विकरे आतड्यात पोहोचल्यावरच सक्रिय होतात. विषाणूने पेशींना इजा केली, तर ती ग्रंथीतच सक्रिय होतात आणि तिलाच पचवू लागतात. हाच स्वादुपिंडाचा दाह. पोटाच्या वरच्या भागात सतत दुखणे, पाठीकडे जाणारी कळ आणि वारंवार उलट्या ही त्याची लक्षणे.

निदानात एक मेख आहे. गालगुंडात लाळग्रंथी सुजल्यानेही रक्तातील अमायलेज वाढते. त्यामुळे लायपेजची तपासणी अधिक उपयोगी ठरते. विषाणूवर थेट औषध नाही. सलाईन, वेदनाशामके आणि देखरेख यांवर बहुतेक रुग्ण बरे होतात; मात्र उशीर महागात पडू शकतो.

स्वादुपिंडाला धोका एकाच विषाणूचा नाही. कॉक्सॅकी बी गटातील विषाणूंचा संबंध मुलांमधील टाइप १ मधुमेहाशी जोडला जातो. गर्भात रुबेलाची बाधा झालेल्या मुलांत पुढे मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळते. डेंग्यूतही क्वचित स्वादुपिंडाला सूज येते.

यांपैकी रुबेलावर सरकारी लस आहे. २०१७ पासून गोवर-रुबेला लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली. गालगुंड मात्र बाहेरच राहिले. बालरोगतज्ज्ञांची संघटना तिन्ही आजारांवरील एमएमआर लस नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांदरम्यान घ्यायला सांगते. ज्यांना परवडते ते खासगी दवाखान्यात घेतात. इतरांची मुले वंचित राहतात.

आजार सौम्य आहे, हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. पण गालगुंडाने कायमचा बहिरेपणाही येऊ शकतो. गोवर-रुबेलाच्या दोन मात्रांसाठी मुले लसीकरण केंद्रावर येतातच. त्याच भेटीत, त्याच सुईने गालगुंडापासूनही संरक्षण देता येईल. प्रश्न फक्त कुपी बदलण्याचा आणि त्यासाठी लागणाऱ्या तरतुदीचा आहे. तो निर्णय पालकांच्या खिशावर सोडू नये.